बॅकअप होता, तरी फोटो गेले : पूर, आग आणि घरातला डेटा

सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं माझं दुकान आहे. एकच बिघाड माझ्याकडे वर्षानुवर्षं परत परत येतो आणि तो मशीनमधला नसतो. माणूस काउंटरवर पिशवी ठेवतो आणि म्हणतो, "बॅकअप घेतला होता हो, पण..." ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर अशा पिशव्यांची रांगच लागली. २०२१ ला पुन्हा तेच झालं. मधल्या काळात आगीच्याही दोन-तीन केसेस आल्या. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी बॅकअप घेतलेला होता, पण तो मूळ डेटाबरोबरच बुडाला किंवा जळाला, नाहीतर वाचूनही उघडता आला नाही.

म्हणून खाली जे लिहितोय ते आपत्ती येण्याआधी तपासायचं आहे. आपत्ती येऊन गेली असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट शेवटच्या भागावर जा.

लक्षणं

यातली दोन जरी तुमच्या घराला लागू पडली, तरी बॅकअप आजारी आहे असं समजा.

- बॅकअपची डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत किंवा त्याच टेबलाच्या खणात असते.
- डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडलेली असते.
- शेवटचा बॅकअप कधी घेतला ते कुणालाच नक्की सांगता येत नाही.
- "सगळं गूगलवर आहे" असं घरात म्हणतात, पण त्या खात्याचा पासवर्ड एकाच फोनला माहीत आहे.
- जागा भरल्याची सूचना फोनवर कित्येक महिने येते आहे.
- डिस्क जोडल्यावर दिसायला वेळ लागतो, फोल्डर उघडताना मशीन अडकतं.
- बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत काढून पाहिलीय, असं कधीच झालेलं नाही.

शेवटचं लक्षण मला सगळ्यात जास्त सापडतं.

१. रिकाम्या हातांनी एक जुना फोटो उघडून दाखवा (खर्च शून्य, वेळ अर्धा तास)

आपला फोन आणि लॅपटॉप बाजूला ठेवा. शेजाऱ्याचा किंवा भावाचा फोन घ्या आणि त्यावर आपल्या खात्यात शिरून पाच वर्षांपूर्वीचा एक फोटो उघडून दाखवा. डायरी पाहायची नाही, आपल्या फोनवर आलेला ओटीपी वापरायचा नाही. कारण आग लागल्यावर किंवा रात्री दोनला पाणी शिरल्यावर माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडतो. तुमची खरी परिस्थिती तीच असणार आहे.

बहुतेक जण इथेच अडकतात. पासवर्ड आठवतो, पण ओटीपी जळालेल्या फोनमधल्या सिमवर जातो. डुप्लिकेट सिम काढलं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. फसवणूक टाळण्यासाठी तसा नियमच आहे. आगीत सापडलेल्या एका कुटुंबाचे सगळे फोटो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, शाबूत होते, पण नवरा-बायको दोघांचेही फोन चार्जिंगला लावलेले असताना जळाले. खातं उघडायला त्यांना चार दिवस लागले. त्या चार दिवसांत त्या बाई रोज दुकानात येऊन विचारायच्या, "आहेत ना नक्की?" मी "आहेत" म्हणायचो, पण दाखवू शकत नव्हतो.

उपाय फुकट आहे. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या विभागात 'बॅकअप कोड' मिळतात. दहा कोड असतात, प्रत्येक आठ आकडी, आणि एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर छापा. एक प्रत पाकिटात आणि एक दुसऱ्या गावातल्या भरवशाच्या माणसाकडे ठेवा. कोडच्या कागदावर पासवर्ड लिहू नका. रिकव्हरीसाठी दिलेला मोबाइल नंबर अजून चालू आहे का तेही बघा. बऱ्याच जणांनी तिथे तीन सिमपूर्वीचा नंबर देऊन ठेवलेला असतो.

२. बॅकअप उघडा आणि आत बघा (खर्च शून्य)

डिस्क जोडा, फाइल्स तारखेनुसार लावा. सगळ्यात नवी फाइल कधीची आहे? परवा एका ताईंच्या डिस्कवर ती चार वर्षांपूर्वीची निघाली. त्यांच्या विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' ही आपोआप बॅकअप घेणारी सोय चालू होती, पण मध्ये लॅपटॉप बदलला तेव्हा नव्या मशीनवर कुणी ती सुरू केलीच नव्हती.

आता निरनिराळ्या फोल्डरमधल्या दहा फाइल्स प्रत्यक्ष उघडा. नाव दिसलं म्हणजे फाइल आहे असं नाही. मी पाहिलेला सगळ्यात वाईट प्रकार सांगतो. एका सरांनी डेस्कटॉपवरचे सगळे फोल्डर मोठ्या निगुतीने डिस्कवर ओढून टाकले होते. प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण होता, आकार एक-दोन केबी. ते फोल्डर नव्हतेच, शॉर्टकट होते, म्हणजे मूळ फोल्डरकडे नेणाऱ्या नुसत्या खुणा. मूळ मशीनवर डबल क्लिक केलं की सगळं उघडायचं, त्यामुळे त्यांना कधी शंकाच आली नाही. मशीन गेलं आणि हातात फक्त बाण राहिले. म्हणून ही तपासणी दुसऱ्या कॉम्प्युटरवरच करायची. आपल्या मशीनवर ती खोटं समाधान देते.

काय सुटलंय तेही पाहा. फाइल हिस्टरी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांचीच काळजी घेते. डी ड्राइव्हवर ठेवलेला टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा त्यात आपोआप येत नाही. आपल्याकडे निम्म्याहून जास्त दुकानदार टॅली डी ड्राइव्हवरच ठेवतात, कारण फॉरमॅट करताना "सी ड्राइव्ह जाणार" असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपमधले फोटो गॅलरीत दिसतात, पण त्यांचं फोल्डर गूगल फोटोजच्या बॅकअपसाठी वेगळं निवडावं लागतं.

३. किल्ली कुठे आहे?

बॅकअपला पासवर्ड असणं चांगलं. डिस्क चोरीला गेली तर तोच कामी येतो. पण किल्ली घरातच जळाली तर कुलूप तुमच्यासाठीही बंदच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) लावलेल्या डिस्कची रिकव्हरी की ४८ आकड्यांची असते. हल्लीच्या अनेक लॅपटॉपमध्ये हे एन्क्रिप्शन मालकाला पत्ता नसताना सुरू झालेलं असतं आणि रिकव्हरी की त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसलेली असते. आजच त्या खात्यात जाऊन ती छापून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचा एन्क्रिप्टेड बॅकअप घेताना पासवर्ड किंवा ६४ अंकी की निवडलेली असते. टॅलीचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड वेगळा. यातलं काही विसरलात तर मी किंवा कुणीही ते 'तोडून' देऊ शकत नाही. 'तोडून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

४. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

हे मला रोज समजावून सांगावं लागतं. सिंक, म्हणजे फोन आणि क्लाउड आपोआप एकसारखे ठेवणं, हा आरसा आहे. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. गूगल फोटोज अ‍ॅपमध्ये फोटो डिलीट केला तर तो क्लाउडवरूनही जातो. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते. त्यानंतर ती परत मिळण्याची आशा धरू नका. रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइल्स अडवणाऱ्या व्हायरसने) फाइल्स कुलूपबंद केल्या तर सिंक त्या कुलूपबंद फाइल्सच इमानदारीने वर चढवतं. कायम जोडलेल्या डिस्कचंही तेच होतं. वीज पडली किंवा जादा व्होल्टेज आलं तर दोन्ही डिस्क एकाच झटक्यात जातात.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. दोन वर्षं वापरात नसलेलं वैयक्तिक गूगल खातं, त्यातल्या फोटोंसकट, कंपनी काढून टाकू शकते. वारलेल्या वडिलांचे फोटो त्यांच्याच खात्यात असतील तर ते आजच उतरवून घ्या. 'नंतर बघू' म्हणायची ही गोष्ट नाही.

५. डिस्क नेमकी कुठे ठेवलीय?

इथे थोडं थांबून विचार करा, कारण निम्मे बॅकअप इथेच जातात.

पहिला प्रश्न उंचीचा. पूरपट्ट्यात राहत असाल तर घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा, पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवर खूण असते. त्याच्या खाली बॅकअप नको. नदीकाठी राहत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नदीचा विचारही न केलेल्या हजारो तळमजल्यांत पाणी शिरलं. माळा पुराला बरा, पण आगीला वाईट. धूर आणि उष्णता वरच चढते. पत्र्याखालचा माळा तर उन्हाळ्यात आगीविनाच तापतो. एकाच घरात पूर आणि आग दोन्हींपासून सुरक्षित अशी जागा मला अजून सापडलेली नाही, म्हणून एक प्रत घराबाहेर हवीच.

दुसरा प्रश्न अंतराचा. आमच्या सांगलीच्या गावभागातल्या एका फोटोग्राफरने शहाण्यासारखं वागून लग्नांच्या शूटिंगची दुसरी डिस्क कोल्हापूरला मामांकडे ठेवली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याचा स्टुडिओ कृष्णेच्या पाण्यात आणि मामांचं घर पंचगंगेच्या पाण्यात, एकाच आठवड्यात. पन्नास किलोमीटरचं अंतर होतं, पण पाऊस एकच आणि खोरं एकच. जुलै २०२१ मध्ये २२ तारखेला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालं, त्याच दोन-चार दिवसांत महाड, कोल्हापूर आणि सांगलीतही पाणी होतं. तेव्हा "दुसऱ्या गावात ठेवलीय" एवढं पुरत नाही. सांगली-कोल्हापूरकरांनी प्रत पुणे, नाशिक, नागपूर, बंगळुरू अशा ठिकाणी वरच्या मजल्यावर ठेवावी. कोकणातल्यांनी घाट ओलांडावा आणि नदीकाठ टाळावा.

मोठ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर १० मार्च २०२१ ला जळालं. ज्या ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी काहींचा डेटा कायमचा गेला. 'क्लाउड' म्हणजेसुद्धा कुठल्यातरी गावातली इमारतच. म्हणून क्लाउडवर ठेवलं तरी एक डिस्क हातात असू द्या.

६. दुसरी डिस्क आणि अदलाबदल (खर्च काही हजार)

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. या नियमाला ३-२-१ म्हणतात. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकप्रिय केला. घरासाठी मी तो असा बसवतो : एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक डिस्क घरात, तशीच दुसरी डिस्क बहिणीकडे, आणि अगदी महत्त्वाचं क्लाउडवर. दिवाळी, गणपती किंवा मे महिन्यात जाणं-येणं होतं तेव्हा डिस्क बदलायची. ताजी तिकडे ठेवायची, जुनी घेऊन यायची. वर्षातून दोनदा झालं तरी बहुतेक घरांना पुरतं. दुकानाचे हिशेब असतील तर आठवड्याला एक प्रत बाहेर गेली पाहिजे.

डिस्क साध्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. झिपलॉक पिशवी घ्या, आत सिलिका जेलची पुडी टाका आणि बाहेर तारीख लिहा. डिस्कवर नाव आणि "फेकू नये" असं मोठ्या अक्षरात लिहा. घर साफ करताना बऱ्याच डिस्क भंगारात जातात.

लांब ठेवायच्या प्रतीसाठी पेन ड्राइव्ह वापरू नका. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) यांमधला डेटा विजेच्या भारावर टिकून असतो. वर्षानुवर्षं वीज न मिळता, त्यातही उकाड्यात पडून राहिले तर तो भार ओसरतो. फिरती हार्ड डिस्क यासाठी बरी, पण तीही दर सहा महिन्यांनी जोडून चालवून बघायची.

सातबारा, आधार यांच्या स्कॅनसाठी फार जीव टाकू नका. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, डिजीलॉकरमधली कागदपत्रं मूळ प्रतीइतकीच ग्राह्य आहेत. जे पुन्हा कुठूनच मिळणार नाही ते आधी वाचवा. आजीचा आवाज, लग्नाचं शूटिंग, हस्तलिखितांचे फोटो, चालू वर्षाचे हिशेब.

७. क्लाउडवर चढवायला किती वेळ लागेल?

लोक रात्री सुरू करतात, सकाळी संपलं नाही म्हणून बंद करतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. आधीच हिशेब करा. ५०० जीबी डेटा २० एमबीपीएस अपलोडने चढवायला सलग साधारण ५५ तास लागतात, म्हणजे दोन दिवसांहून जास्त. आणि तुमच्या प्लॅनवर लिहिलेला वेग बहुतेकदा डाउनलोडचा असतो, अपलोड त्याहून कमी असू शकतो. तेव्हा फोटो वर्षावार फोल्डरात लावा आणि रोज रात्री एक वर्ष चढवा. गूगलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं त्यातच मोजलं जातं.

८. फायरप्रूफ तिजोरी (सगळ्यात महाग, म्हणून सगळ्यात शेवटी)

एका फ्लॅटमध्ये आग लागली होती. लोखंडी कपाटाचा रंग फोडांसारखा फुगून आला होता, पण दार शाबूत होतं. आत घराचे कागद कडांना तपकिरी झाले होते, तरी सगळे वाचता येत होते. त्याच खणातल्या डिस्कचं प्लास्टिक मात्र मऊ होऊन एका बाजूला ओघळलं होतं आणि यूएसबीचं तोंड तिरकं बसलं होतं.

कागदाच्या तिजोरीचं गणित डिस्कला लागू होत नाही. अमेरिकेतल्या यूएल ७२ या मानकात कागदासाठीची तिजोरी आतलं तापमान ३५० फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १७७ सेल्सिअसच्या आत ठेवते. कागद त्यात टिकतो. डिजिटल साधनांसाठीची मर्यादा १२५ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५२ सेल्सिअस, आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या आत. या तिजोऱ्यांच्या भिंतीतला थर तापला की पाण्याची वाफ सोडतो, त्यामुळे आत थंडावा राहतो. तीच वाफ डिस्कला बाधते. म्हणून विकत घेताना "फायरप्रूफ आहे का?" एवढंच विचारू नका. "डिजिटल मीडियासाठी आहे का, किती मिनिटांसाठी, आणि पाण्यापासून?" असं विचारा. आग विझवायला अग्निशमन दलाचं पाणी येणारच असतं. माझं मत विचाराल तर घरगुती डेटासाठी एवढा पैसा तिजोरीत घालण्यापेक्षा बहिणीकडची दुसरी डिस्क जास्त उपयोगाची.

घटना घडून गेली असेल तर : इथे थांबा

आधी जीव. अग्निशमन दलाने आत जायला सांगेपर्यंत डिस्कसाठी घरात शिरू नका. पूर ओसरल्यावर मेन स्विच बंद आहे याची खात्री झाल्याशिवाय ओल्या भिंतीला हात लावू नका, शंका असेल तर महावितरणच्या माणसाला बोलवा. जळालेली तिजोरी गरम असताना उघडू नका. आत हवा शिरली की तापलेले कागद भडकतात. एक दिवस जाऊ द्या.

भिजलेली किंवा भाजलेली डिस्क "चालते का बघू" म्हणून एकदाही जोडू नका. मी कळवळून सांगतोय, कारण वाचण्यासारख्या डिस्क मी याच एका जोडणीने गेलेल्या पाहिल्या आहेत. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळाचं पाणी आत जातं. आतलं डेटा वाचणारं हेड डेटा साठवणाऱ्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. तबकडी गाळासकट फिरली की डेटा खरवडून निघतो.

हेअर ड्रायर नको, ऊन नको, तांदळाचा डबाही नको. गाळ वाळला की तबकडीवर थर धरतो. पुरातून काढलेली डिस्क ओलसर स्पंजासह झिपलॉक पिशवीत बंद करा आणि लवकरात लवकर पोचवा. लॅपटॉप भिजला असेल तर चार्जर लावू नका.

खालीलपैकी काहीही असेल तर ते माझ्यासारख्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याचंही काम नाही. धूळरहित क्लीन रूम असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जा.

- डिस्क पाण्यात बुडाली होती किंवा बाहेरचं प्लास्टिक वितळलं आहे.
- टकटक किंवा घासल्याचा आवाज येतो.
- डिस्क फिरते, पण मशीनला दिसत नाही.
- कुणीतरी आधीच खोलून पाहिली आहे.

सर्किटची पाटी दुसऱ्या डिस्कवरून काढून बसवू नका. पाटीवरच्या एका चिपमध्ये त्याच डिस्कची खास माहिती असते, तिच्याशिवाय नवी पाटी बहुतेकदा चालत नाही. फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर धडधाकट डिस्कवर चुकून पुसलेल्या फाइलसाठी ठीक आहे, ज्या डिस्कवर फाइल होती तिथेच ते बसवायचं नाही एवढं पाळा. आवाज करणाऱ्या डिस्कवर ते तासन्‌तास चालवणं म्हणजे मोडक्या पायाने डोंगर चढायला लावणं.

जळालेली दिसली म्हणून डिस्क कचऱ्यातही टाकू नका. कोलंबिया हे अंतराळयान १ फेब्रुवारी २००३ ला पृथ्वीवर परतताना कोसळलं. त्यातली एक होरपळलेली हार्ड डिस्क अवशेषांत सापडली आणि ओन्ट्रॅक या कंपनीने तिच्यातला सुमारे ९९ टक्के डेटा परत काढला.

रिकव्हरीवाल्याला फोन कराल तेव्हा चार गोष्टी आधीच लिहून ठेवा : पाणी नदीचं, गटाराचं की नळीचं, डिस्क किती तास पाण्यात होती, नंतर किती वेळा जोडली, एन्क्रिप्शन होतं का. जोडली असेल तर लपवू नका, त्यावरून ते पुढचं पाऊल ठरवतात. तुमच्याकडून त्यांना तीन गोष्टी विचारा : डेटा निघाला नाही तर किती पैसे, पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइल्सची यादी दाखवणार का, आणि डिस्क त्यांच्याच लॅबमध्ये उघडणार की दुसऱ्या कुणाकडे पाठवणार. हे लेखी मिळाल्याशिवाय डिस्क हातातून सोडू नका.